फुडं कॅमेरा हाय

अनेकांतनं गाडी शंभरच्या वर नेली, तशी स्नेहलनं मांडीवरच्या लेकराला गच्च धरलं. “अहो, हळू चालवा की,” ती पुन्हा म्हणाली. “तू मोबाईलच्या मॅपवर बघ. स्पीडचा कॅमेरा आला की सांग, बास!” तो खेकसला. तिनं सांगितल्यावर तेवढ्यापुरता तो ब्रेक दाबायचा आणि कॅमेऱ्याचा खांब मागं पडला की गाडी पुन्हा उधळायची. त्याला धास्ती दंडाची होती, पोटच्या पोराच्या जिवाची नव्हती. हातकणंगल्याच्या पुढं उसानं भरलेला ट्रॅक्टर दिसताच त्यानं ओव्हरटेक मारायला पाय दाबला. “फुडं कॅमेरा हाय!” ती ओरडली. गाडी गुमान ट्रॅक्टरच्या मागं राहिली. “लई कॅमेरं लावल्यात, नुसतं लुटायला बसल्यात,” अनेकांत करवादला. “त्याच्या फुडं आणखी एक हाय. घरापर्यंत हायत की,” ती म्हणाली आणि चार्जिंग संपून केव्हाच बंद पडलेला मोबाईल तिनं लेकराच्या दुपट्याखाली सरकवला.