एकशेतीसवर ऐंशी

“एकशेतीसवर ऐंशी,” शेहाताने दारातूनच सांगितलं आणि चपला काढायच्या आधीच कागदाचा कपटा बायकोच्या नाकापुढे धरला. “औषधाच्या दुकानातल्या नेव्हीनबाईंना दोनदा मोजायला लावलं. म्हणाल्या, हाजी, हे तुमचं बीपी नाही, कुणा पोराचं चोरून आणलंय.”

इन्साफने कपटा हातात घेतला. तिला अक्षर लागेना. “छान झालं,” ती म्हणाली.

तासाभरापूर्वी तिच्या भावाचा फोन आला होता. बहा, त्यांचा एकुलता एक मुलगा, कुवेतमध्ये पहाटे बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत संपला. शेहाताला एवढ्यात काही कळता कामा नये, असं भावाने बजावलं होतं. चार महिन्यांपूर्वी बीपी दोनशेच्या वर जाऊन तो भर बाजारात कोसळला होता, तोंड वाकडं झालं होतं, आणि पुन्हा तसं झालं तर आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दुपारची नमाज झाली की भाऊ डॉक्टरांना घेऊनच येणार होता. आधी इंजेक्शन, मग बातमी. तोवर नेहमीसारखी राहा, म्हणाला. नेहमीसारखी राहायचं म्हणे. सांगणाऱ्याचं काय जातं?

शेहाता कोचावर ऐसपैस बसला. आज त्याला बोलायला हवं होतं.

“मीठ सोडलं. लोणचं सोडलं. सिगारेट सोडली. सकाळ-संध्याकाळ तुझी ती अळणी उसळ गिळली, गल्लीतल्या मांजरांनी हुंगूनसुद्धा पाहिली नसती. रोज कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन हात हलवत परत येतो. लोक विचारतात, अहो बहाचे बाबा, गाढव हरवलंय का तुमचं?”

एरवी ती हसली असती. आताही हसायला हवं होतं. तिने ओठ ताणून पाहिले.

“उद्या शुक्रवार, बहाच्या फोनचा,” तो म्हणाला. “फोन लागला की सलाम नाही, दुआ नाही, पहिलं काय विचारेल? बाबा, किती? गेल्या खेपेला एकशेसाठ सांगितलं तर गप्पच झाला लेकाचा. म्हणे, तुमच्या काळजीने मला इथे झोप लागत नाही. उद्या सांगतो त्याला. म्हणावं, झोप आता घोरत.”

इन्साफ स्वयंपाकघराकडे वळली. “सरबत आणते तुमचं, गार,” ती म्हणाली.

“नको ते करकदे. चार महिने लाल पाणी पितोय. गार प्या, बीपी उतरेल. गरम प्याल तर चढेल. ज्याला त्याला डॉक्टरकी सुचते. आज कॉफी. एकच कप, बेताची गोड. नेव्हीनबाईंची परवानगी काढून आलोय, डोळे वटारू नकोस.”

तिने डोळे वटारले नव्हते. स्वयंपाकघरात जायला मिळालं याचंच तिला बरं वाटलं. ओढणीचा बोळा तोंडात कोंबून तिने पितळी भांडं चुलीवर ठेवलं. फेस वर आला, तो कपात नीट उतरवला. एक थेंब सांडला नाही. बाहेर येताना हात थरथरत नव्हते, आणि त्या भल्या बाईला त्याचा अभिमानही वाटला.

शेहाताने घोट घेतला आणि तो थांबला.

“साखर नाही.”

“संपली.”

“काल मीच आणली. दोन किलो.”

गल्लीत कुणी गेलं की कॉफीला इन्साफलाच बोलावत. मयताच्या घरची कॉफी, तिच्यात साखर पडत नाही. तीस वर्षं तिने ती केली होती, डोळ्यांना धार लागलेली असतानाही, न चुकता. तो घरात आल्यापासून तिने जीभ आवरली होती, डोळे आवरले होते. हातांचं काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“द्या इकडे, घालून आणते,” ती पुढे झाली.

त्याने कप सोडला नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान खाली घालून तो कॉफी प्यायला लागला, गाळापर्यंत, मयताच्या घरी बसून पितात तशी.

इन्साफ त्याच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिली. आता वाकडा होईल, मग वाकडा होईल. झाला नाही. तिच्या चार महिन्यांच्या पथ्याने आपलं काम चोख केलं होतं. तो धडधाकट होता आणि त्याला सगळं समजत होतं, आणि यापरीस त्याची शुद्ध गेली असती तर बरं, असं तिला वाटून गेलं. वाटल्याची तिला लाज वाटली नाही.

“कधी?” त्याने विचारलं.

“पहाटे. पडला कामावर.” आता लपवायला काही उरलं नव्हतं. “तुम्ही आडवे व्हा. डॉक्टर येताहेत.”

“मला काय झालंय?”

तो आडवा झाला नाही. तिच्या मुठीतला कपटा त्याने सोडवून घेतला, गुडघ्यावर ठेवून तळव्याने सरळ केला आणि त्याच्यावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले.

“तो एकशेसाठच ऐकून गेला गं,” तो म्हणाला.