टाचेची जखम

"सायकल मीच चालवत होतो," शिंत्रेकाका तिसऱ्यांदा म्हणाले.

रेकॉर्ड विभागातली सुलभा केसपेपर घेऊन वॉर्डात आली होती. अपघाताला कोड द्यायचा होता. चालवणाऱ्याचा वेगळा, मागे बसलेल्याचा वेगळा.

"काका, तुमची टाच मागच्या चाकाच्या तारांत गेलीय. ती कॅरिअरवर बसणाऱ्याचीच जाते."

काकांनी बँडेजकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या काकूंकडे. काकू खरचटलेलं कोपर पदराखाली घेत होत्या.

"साठाव्या वर्षी शिकलीय हो ही," काका हळूच म्हणाले. "पोराला कळलं तर उद्याच सायकल विकून टाकेल."

"खोटं मला लिहिता येत नाही," सुलभा म्हणाली आणि तिने मागे बसलेल्याचा कोड लिहिला. एक अक्षर, तीन आकडे. बाकी काही नाही.

दुपारी मुलगा आला. त्याने कागद उलटसुलट पाहिला, कोडवरून नजर फिरवली आणि घडी घालून खिशात ठेवला.

"बाबा, या वयात सायकल चालवणं बंद."

"हँडलला हातसुद्धा लावणार नाही," काकांनी काकूंच्या गळ्याची शपथ घेतली.