बापाचं हृदय

“निकाल दोघांना एकत्र सांगू, की वेगवेगळा?” डॉक्टर लतीफबाईंनी विचारलं.

“एकत्रच सांगा,” रफीका म्हणाली. “नाहीतर हा बाहेर जाऊन मला अर्धंच सांगेल.”

तिचा थोरला भाऊ मुनसिफ हसला नाही. त्याची बोटं मनगटावर नाडी शोधत होती. बिझर्त गावाहून राजधानी ट्यूनिसच्या या रुग्णालयात येईपर्यंत त्यानं ती किती वेळा चाचपली, त्याचं त्यालाच ठाऊक.

त्यांचे वडील बंदरावर जाळं ओढता ओढता कोसळले होते. मग मधला भाऊ, फुटबॉलच्या मैदानात. त्याआधी दोघांनाही काही दुखलंखुपलं नव्हतं. आणि मुनसिफ तर हुबेहूब बापावर गेलेला. त्याच भुवया, तीच चाल. भावाच्या दफनानंतर त्याची छाती धडधडू लागली, तेव्हा गावातले डॉक्टर म्हणाले, “असूही शकतं. जपून राहा.”

तो जपून राहिला. समुद्रात उतरणं सोडलं. नायलाशी ठरलेलं लग्न मोडलं. तिला विधवा करायचं नव्हतं. सुया-दोऱ्यांच्या दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या पन्नाशी आली.

रफीकाला कुणी कधी तपासलंच नाही. या घरात अकाली जायचे ते पुरुषच. ती पोहली, लग्नात पहाटेपर्यंत नाचली, तीन मुलं वाढवली, नवऱ्याशी कडाकडा भांडली. रुग्णालयानं अशा घराण्यांवर संशोधन सुरू केलं, काकांचं आणि या दोघांचंही रक्त मागितलं, तेव्हा ती आली ती भावाला सोबत म्हणून.

“तुमच्या काकांच्या रक्तात आम्हाला दोष सापडला,” डॉक्टर म्हणाल्या. “वडिलांकडून मुलाकडे किंवा मुलीकडेही येऊ शकणारा. त्यानं हृदयाचा स्नायू जाड होत जातो. तुम्हा दोघांपैकी एकाला तो आहे.”

“ते माहीत आहे मला,” मुनसिफ म्हणाला. “पुढं काय करायचं तेवढं सांगा.”

“मुनसिफ, तुम्हाला तो नाही. तुमचं हृदय ठणठणीत आहे.”

त्याला नीट ऐकू आलं होतं. तरी डॉक्टरांनी ते पुन्हा सांगावं, अशा नजरेनं त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. डोळ्यांपुढे नायला आली. मागच्या ईदला बाजारात दिसलेली, नातवाला कडेवर घेतलेली. मग त्याची मान बहिणीकडे वळली.

“यंत्र बिघडलंय तुमचं,” रफीका हसून म्हणाली. डॉक्टर हसल्या नाहीत, तशी तीही थांबली.

डॉक्टर समजावत राहिल्या. गोळ्या असतात. दरवर्षी तपासणी. गरज पडली तर छातीत छोटं यंत्र बसवता येतं. चालायचं, बेतानं पोहायचंही, फक्त एकटीनं नाही. असं हृदय घेऊन माणसं म्हातारी होतात. “मुलांनाही तपासून घेऊ,” त्या म्हणाल्या. त्यापुढचं रफीकाला काही ऐकू गेलं नाही.

बाहेर पायरीवर येऊन ती कोटाची बटणं लावू लागली. एकेक बटण भलत्याच काजात जात होतं. मुनसिफनं पुढं होऊन ती लावून दिली. रस्त्यापलीकडे बिझर्तला जाणारा गाडीवाला प्रवाशांसाठी ओरडत होता. दोघंही हलली नाहीत.

“दादा,” ती हळूच म्हणाली. तिचा हात छातीवर गेला होता. “आता मला ही धडधड सारखी ऐकू येतेय रे. तू इतकी वर्षं हे घेऊन राहिलास. कसं राहायचं, सांग ना.”

तिचा हात त्यानं छातीवरून काढला आणि आपल्या हातात घट्ट धरला.

“मी जे जे केलं,” तो म्हणाला, “त्यातलं काहीएक करू नकोस.”