तळमजल्याचा त्याग

पृथ्वी वाचलीच पाहिजे, यावर इमारतीच्या बैठकीत कुणाचंच दुमत नव्हतं. गाडी अडली ती लिफ्टपाशी.

सेक्रेटरींनी ठराव मांडला, रविवारी लिफ्ट बंद. टाळ्या पडल्या. मग सहाव्या मजल्यावरच्या बाई उठल्या.

"माझा पूर्ण पाठिंबा. फक्त आमच्या मोत्याला जिने झेपत नाहीत हो."

मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा. त्याला सूट मिळाली. कुत्र्याला सूट आणि आम्हाला नाही, हे पाचव्या मजल्याच्या जिव्हारी लागलं. पाचव्यालाही मिळाली. मग चौथ्याने काय घोडं मारलं होतं? पहिला मजला म्हणाला, "आम्ही लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. पण हक्क सोडणार नाही."

सेक्रेटरींचं तोंड उतरलं. तेवढ्यात तळमजल्यावरचे टेलरकाका उठले.

"मी सोडतो लिफ्ट. नुसती रविवारची नाही, जन्माची."

हा त्याग नेमका केवढा, याचा हिशेब कुणी मांडायच्या आत टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांची छाती अशी फुगली की स्वतःच बेतलेला सदरा बटणांपाशी ताणला गेला.

"विडी सुटली नाही यांची अजून," काकू शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "आणि म्हणे लिफ्ट सोडली!"

"सत्कार आत्ताच करू," सेक्रेटरी म्हणाले. "गच्चीवर. फोटो झकास येतील."

दोन खेपांत सगळे वर गेले. गुच्छ गेला, काकू गेल्या, मोत्याही गेला. काका जिन्याच्या तोंडाशी एकटेच उरले. वर सात मजले होते.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी बसकण मारली. सदरा घामाने चिंब, छातीचा भाता झालेला. समोर लिफ्ट येऊन थांबली. दार उघडलं. आत सेक्रेटरी आणि काकू.

"काका, सगळे खोळंबलेत. या आत. आम्ही कुणाला सांगतोय थोडंच?"

"अहो, या ना," काकूंचा आवाज एकदम मऊ झाला. "शब्द दिला म्हणून काय जीव द्यायचा?"

काकांनी आत पाहिलं. लख्ख दिवा, आरसा, पंख्याची गार झुळूक. ते कठड्याला धरून उठले.

"दार लावा," ते म्हणाले. "फुकट वीज जळतेय."

आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.