निळ्याचा हंडा

मुलीने प्लगला हात घातला आणि रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. आता पुढच्या खोलीतून बिलं करणाऱ्या बाई ओरडणार, याची त्याला खात्री होती. प्लग निघाला. सर्व्हरची घरघर मंदावत मंदावत थांबली. बाई ओरडल्या नाहीत. त्यांची कीबोर्डवरची टकटक चालूच राहिली, आणि मधेच त्यांनी फोनवर कुणाला तरी, "हो हो, आत्ता पाठवते बिल," असं सांगितलंही.

"बघितलंत ना, बाबा?" मुलगी म्हणाली. "बाईंचं सगळं काम या सर्व्हरवर चालू होतं. मघाशी मी ते त्या पलीकडच्या सर्व्हरवर सरकवलं. चालता चालता गेलं. बाईंना पत्ताही नाही."

कोठारातल्या फळीवर तिने दोन जुने सर्व्हर मांडले होते. एका ऑफिसने गाशा गुंडाळला, तिथून ते स्वस्तात मिळाले होते. त्यांच्यावर तिने जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून बघावं असं एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. मग त्यांच्या पोटात तिने तीन कॉम्प्युटर तयार केले. एक बिलांचा, एक ऑर्डरींचा, एक रंगांच्या कृतींचा. तिन्ही आपापलं काम करत, पण तिन्हींना अंग म्हणून नव्हतंच. "दिसत नाहीत आणि वर फुकट," असं म्हणून रंगाऱ्याने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. पण मुलीचा उत्साह बघून तो गप्प बसला. तिला खरं काय ते सांगायचा त्याला धीर होत नव्हता.

दुपार कलत होती. रंगाच्या हंड्यांची वाफ दारातून आत येऊन फळ्यांच्या आसपास रेंगाळत होती. बाहेर दोरीवर लोकरीच्या ओल्या लडी टपटपत होत्या. ताज्या तांबड्या, केशरी, आणि त्यांच्या पलीकडे काही लडी नुसत्याच मळकट. त्या निळ्या होत्या, हे त्याला ठाऊक होतं. गेलं वर्षभर तो असाच स्वप्नात असल्यासारखा वावरत होता. आधी निळ्या-हिरव्यातला फरक गेला. मग खिडकीतलं आभाळ जुन्या कागदासारखं पिवळट झालं. निळा त्याच्या डोळ्यांतून पाय न वाजवता निघून गेला होता. डॉक्टरकडे गेलं की घरात कळणार, म्हणून तो गेला नव्हता.

कृती कॉम्प्युटरमध्ये होत्या, पण नुसत्या कृतीने रंग साधत नाही. प्रत्येक लोकर रंग आपापल्या मर्जीने पिते. पहिली बुडी झाली की लडी नमुन्याशेजारी धरायची, डोळ्यांनी जोखायची आणि रंगाची शेवटची चिमूट टाकायची. ती चिमूट हाच त्याचा धंदा होता. वर्षभर तो निळ्याच्या हंड्यात ती अंदाजाने टाकत होता, झाकण ठेवत होता आणि बाहेरच्या बाकावर आडवा होत होता. आश्चर्य म्हणजे एकही लडी गिऱ्हाइकाकडून परत आली नव्हती. हाताला सवय आहे, हातच सांभाळून घेतोय, असं तो स्वतःला समजावत असे. पण हात किती दिवस पुरणार? एक जरी लॉट परत आला, तरी आयुष्यभर कमावलेलं नाव मातीत जाणार होतं. त्यापेक्षा नाव शाबूत असताना आपणच कुलूप लावलेलं बरं, असं त्याने ठरवलं होतं.

त्याने बंद पडलेल्या सर्व्हरवर तळवा ठेवला. उगीचच त्याला त्याची दया आली.

"ज्याच्याकडचं काम गेलं, त्याला तरी कळतं का गं?" त्याने विचारलं.

मुलगी हसली. "त्याला कळून काय करायचंय, बाबा? काम थांबलं नाही, म्हणजे झालं."

बायको हंड्यांकडून आली आणि हात पुसत दारात उभी राहिली. तिची नखं त्याला राखाडी दिसली. दोघी समोर होत्या. आता नाही तर कधीच बोलणं होणार नाही, असं त्याला वाटलं.

"हे सगळं काढून ठेव, बाळा," तो म्हणाला. "मी कारखाना बंद करतोय. मला निळं दिसत नाही. वर्ष झालं. इतके दिवस नशिबाने तारलं, पण रोज छातीत धडधडतं. आता नाही सोसत."

मुलीच्या हातातला प्लग तसाच राहिला. तिने वळून आईकडे पाहिलं. आई चकित झाली नव्हती. तिने हात पुसून फडकं खिळ्याला अडकवलं आणि नवऱ्याजवळ आली.

"नशीब कसलं आलंय?" ती म्हणाली. "तुम्ही झाकण ठेवून बाकावर पडलात, की मी झाकण काढते आणि लडी नमुन्याला लावून बघते."

रंगाऱ्याने तिच्या राखाडी नखांकडे पुन्हा पाहिलं. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. पुढच्या खोलीत बाईंची टकटक चालूच होती.

"वर्षभर? आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?" तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. "निळं कधीचंच माझ्याकडे आलंय. तुम्ही तांबडं सांभाळा."