खारीसाठी कुठली गोळी?

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत वेंकूबाई एकट्या राहतात. अमेरिकेतला मुलगा रमण औषधं ऑनलाइन पाठवतो, फोन मात्र करत नाही. त्याच्या मुलाला, सुजयला, तिथं शिकारीच्या परवान्याची परीक्षा द्यायची होती. घरात सरावासाठी प्रश्न विचारायला कुणाला सवड नव्हती, म्हणून पोरगा दर रविवारी आजीला फोन लावायचा. जन्मात झुरळ न मारलेल्या या रिटायर्ड टीचर मोबाइलवर त्याचं पुस्तक उघडून प्रश्न विचारायच्या. कुठल्या जनावराला कुठली गोळी, सगळं त्यांना पाठ झालं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी त्यांनी विचारलं, "खारीसाठी कुठली रायफल, कण्णा?"

"पॉइंट टू टू. रिमफायर. सगळ्यांत छोटी गोळी."

"चूक."

"आज्जी, पुस्तकात तेच आहे!"

"चूक म्हटलं ना. खारीला मोठी गोळी लागते. पटत नसेल तर जा, बापाला विचार."

पोरगा पाय आपटत गेला. थोड्या वेळानं रमण फोनवर आला, तो तापूनच.

"अम्मा, वेड लागलंय का तुला? मोठ्या गोळीनं खारीच्या चिंधड्या उडतील. इथं नियमच टू टूचा आहे. नापास करतेस का त्याला?"

"टू टूच. ठाऊक आहे मला."

"मग त्याला चूक का सांगितलंस?"

वेंकूबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"अजून थोडा ओरड, रमणा. दिवाळीपासून तुझा आवाज ऐकला नाही."