गुडघाभर पाणी

रंगाऱ्याच्या मोठ्या लेकीला पहिली मुलगी झाली, त्या वर्षी पुराचं प्रदर्शन भरलं. पूर आदल्या वर्षीचा.

दालनाच्या फरशीवर सबंध शहराचा नकाशा काढला होता आणि प्रत्येक प्रभागाच्या जागी एकेक पांढरा खांब उभा केला होता. खांबावर पेन्सिलीची खूण. खुणेपर्यंत निळा रंग द्यायचा. "खरं पाणी जेवढं चढलं तेवढंच निळं," नकाशावाल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "लोक शेजारी उभे राहतील आणि त्यांना कळेल, आपण बुडलो असतो की नाही." रंगाऱ्याला ही कल्पना फार आवडली होती. घरी जेवताना त्याने ती दोनदा सांगितली.

उद्घाटन उद्यावर आलं होतं. रंगारी नदीकाठचे खांब उरकत होता. त्याची बायको सहा नंबरच्या खांबाला पॉलिश पेपर घाशीत होती. सहाचा आकडा तिच्या ओळखीचा. घरच्या विजेच्या बिलावर प्रभाग म्हणून तोच असतो. खूण कुठे आहे म्हणून तिने मान वर केली. वर सगळं कोरं. मग ती दिसली. तिच्या गुडघ्याशी.

"अहो," ती म्हणाली, "इथली खूण पुसली गेलीय."

रंगारी आला, वाकला. "आहे की. ही काय."

"ही नव्हे. आपली."

तो हातातल्या डब्यातला रंग ढवळत राहिला. ढवळायचं काही कारण नव्हतं.

मॅडम पलीकडेच जमिनीवर मांडी घालून गल्ल्यांची नावं चिकटवत होत्या. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

"बरोबर आहे ते, मावशी. सरासरी आहे ती."

"म्हणजे?"

"सगळ्या प्रभागाचं मिळून पाणी. तुमची खालची आळी सहामध्ये येते, तशी टेकडीवरची घरंही सहामध्येच येतात. तिथे पाणी चढलंच नाही. सगळ्या घरांचं एकत्र करून भागलं, की एवढं येतं."

"त्यांच्या घरात नव्हतं, म्हणून आमच्या घरातलं कमी झालं?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

"आकडे वरून आलेत, मावशी. मी फक्त दाखवते."

"तेच म्हणतेय मी. हे दाखवणार तुम्ही? उद्या शाळेची पोरं येतील इथे. गुडघ्याला हात लावतील आणि विचारतील, एवढ्याशा पाण्यात धडधाकट माणूस बुडतोच कसा."

मॅडमना काही कळेना. तेव्हा रंगाऱ्याने खाली मान घालून सांगितलं. मेव्हणा खालच्या आळीत गोदामावर पहारेकरी होता. पाणी ओसरल्यावर गोदामाच्या दारातच सापडला. चौकशीच्या कागदात लिहिलंय, प्रभागात पाणी गुडघाभर होतं, इसम नशेत असावा.

"नशेत!" बायको म्हणाली. "खोकल्याचं औषध पाजायचं म्हटलं तर आईला त्याच्या छातीवर बसावं लागायचं. तो नशेत!"

रंगाऱ्याला हसू फुटलं, आणि लगेच त्याने बाहीने डोळे पुसले.

"मी खाली एक टीप देते," मॅडम म्हणाल्या. "बारीक अक्षरात. काही ठिकाणी पाणी जास्त होतं, अशी."

"बारीक अक्षरात," बायको म्हणाली. तिने नवऱ्याच्या हातातला ब्रश घेतला, डबा घेतला, आणि सहा नंबरशी गेली. खूण मागे पडली. कंबर झाली, छाती झाली, हनुवटी झाली. हात पुरेना तेव्हा ती वळून म्हणाली, "घोडा आणा."

"अगं, हातचं काम जाईल."

"घोडा आणा म्हणते ना."

रंगाऱ्याने कोपऱ्यातून लाकडी घोडा आणला आणि ती पायऱ्या चढली तशी तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. गोदामाच्या चौकटीच्या वर पाण्याची रेघ अजून आहे. रोज बाजारात जाताना ती त्या रेघेखालून जाते. त्या उंचीपर्यंत तिने रंग नेला आणि मगच थांबली. निळे ओघळ तिच्या कोपरापर्यंत आले होते.

"उतरा हो, मावशी," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मला हे परत पांढरं करावं लागेल."

"करा. पण तुमच्या हाताने करा. यांच्या हाताने नको."

ती दोघं गेल्यावर मॅडमनी ते स्वतःच्या हाताने केलं. पांढऱ्याचा एकच हात मारला. निळ्यावर पांढऱ्याचा एक हात कधीच पुरत नाही. रंगाऱ्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. विचारायचं त्या विसरल्या, की त्यांना विचारायचंच नव्हतं, ते त्यांनाच ठाऊक.

सकाळी फीत कापली गेली, दिवे लागले. प्रमुख पाहुणे एकेका खांबाशी थांबत सहा नंबरपाशी आले. "इथे तर फक्त पायजमे भिजले असतील," ते म्हणाले. सगळे हसले. पाहुण्यांनी खांबाला टेकून फोटो काढून घेतला. त्यांच्या गुडघ्यापर्यंत गडद निळं होतं. त्याच्या वर पांढरं, आणि त्या पांढऱ्याखालून, पाहुण्यांच्या छातीमागून, तोंडामागून, डोक्याच्याही हातभर वरपर्यंत, दुसरं निळं फुटून आलं होतं.

रंगाऱ्याच्या बायकोचा भाऊ आदल्या वर्षी गेला. मोठीचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. भर दुपारी गेला. शुद्धीत होता.